सोळा संघ, एक मैदान : कोल्हापूरचं शाहू स्टेडियम

कोल्हापुरात कुणालाही विचारा, ‘पाटाकडील कुठं आहे?’ तो तुम्हाला तालमीच्या दारात आणून सोडेल. ‘पाटाकडीलचं मैदान कुठं आहे?’ असं विचारलंत तर मात्र तो शाहू स्टेडियमकडं बोट दाखवेल. दिलबहारचं विचारा, खंडोबाचं विचारा, उत्तर तेच. इथल्या बहुतेक फुटबॉल संघांना हक्काची तालीम आहे, हक्काचं मैदान नाही. सगळ्या पेठांचं मिळून एकच मैदान, आणि फुटबॉलचा सगळा जीव त्याच्यावर टांगलेला.

तळ्याच्या जागी मैदान

जुनं कोल्हापूर हे तळ्यांचं गाव. शहर वाढलं तशी तळी बुजत गेली. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी राजर्षी शाहू स्टेडियम उभं राहिलं. रावणेश्वराचं देऊळ आजही जवळच आहे. तळी बुजवल्याची हळहळ वाटणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. गांधी मैदानावर पावसाळ्यात पुन्हा तळं साचतं, ते सगळं शहर बघतं.

स्टेडियमचा कारभार कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘केएसए’कडं आहे. ही संस्था संस्थानकाळातली. छत्रपती घराण्याचा आश्रय तिला तेव्हाही होता आणि आजही आहे.

तालमीतून आलेला फुटबॉल

संघांची नावं वाचली की निम्मा इतिहास कळतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, जुना बुधवार पेठ तालीम मंडळ. प्रॅक्टिस क्लब किंवा शिवाजी तरुण मंडळ अशी वेगळी नावंही आहेत, पण पाया तालमीचाच.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला जे बळ दिलं, त्यातून पेठेपेठेत तालमी घट्ट रुजल्या. १९१२ साली त्यांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधून घेतलं. पुढं राजाराम महाराजांच्या काळात फुटबॉलनं जोर धरला, तेव्हा त्याला नवीन घर शोधावं लागलं नाही. पोरं होती, वस्ताद होते, पेठेची ईर्ष्या होती. लाल मातीतला जोर गवतावर आला.

ही खूण आजही दिसते. मैदानात शिरताना खेळाडू वाकतो, फक्कीच्या रेषेला बोटं लावतो आणि ती कपाळाला लावतो. हौद्यात उतरणारा पैलवान मातीला जसा हात लावतो, अगदी तसाच. त्या क्षणी त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका उमटतो आणि पहिल्या दहा मिनिटांच्या घामात पुसला जातो.

मैदानाचं वर्ष

पाऊस संपला की मैदानाचं वर्ष सुरू होतं. आधी केएसएकडं खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठल्या संघातून कुठं गेला, याची चर्चा तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर चालते. वरिष्ठ गटात १६ संघ. आधी केएसएची लीग, मग एकामागून एक चषक स्पर्धा, थेट मे महिन्याच्या उन्हापर्यंत. सामनावीराबरोबर इथं ‘लढवय्या खेळाडू’ असंही बक्षीस देतात. हरलेल्या संघातल्या, पण जीव तोडून खेळलेल्या पोराचंही नाव पुकारलं जावं, ही कल्पना मला फार आवडते.

हिशेब साधा आहे. सोळा संघांचे सामने, वर खालच्या गटांचे सामने, आणि हे सगळं एकाच हिरवळीवर. गोलपोस्टच्या समोरचं गवत सगळ्यात आधी जातं, कारण गोलरक्षकाचे पाय तिथंच घासतात. हंगाम संपेपर्यंत तिथं माती उघडी पडते. पावसाळा हाच मैदानाचा विसावा. त्या दिवसांत ते हातच न लावता सोडलं पाहिजे.

गॅलरी

बसायला पायऱ्यापायऱ्यांच्या गॅलऱ्या आहेत, बाहेरच्या अंगाला दुकानगाळे. डोक्यावर सावली थोडी, त्यामुळे एप्रिलमध्ये टोपी किंवा टॉवेल घेऊन जाणं शहाणपणाचं. चुरशीच्या सामन्याला जागा धरायला दोन तास आधी जावं लागतं. चिरमुरे-फुटाण्याच्या पुड्या हातोहात फिरतात, समर्थक आपापल्या बाजूला गट करून बसतात.

हुल्लडबाजीचा विषय टाळून चालणार नाही. दगडफेक झाली, सामने थांबले, हे अनेकदा घडलंय. मोठ्या सामन्याला पोलिसांचा बंदोबस्त लागतो. पेठेचा अभिमान गॅलरीत दगड उचलायला लावत असेल तर तो अभिमान तालमीचा नव्हे. तालमीत पडलेल्याला हात देऊन उठवतात.

बाहेरगावचे पाहुणे

२०१७ च्या अखेरीस महिलांच्या इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी या मैदानावर झाली. जानेवारी २०२३ मध्ये संतोष करंडकाचे गटसामने इथं झाले आणि महाराष्ट्राच्या जोडीनं बंगाल, हरियाणाचे संघ कोल्हापूरकरांनी डोळ्यांसमोर पाहिले. महिलांच्या सामन्यांचं मोल मला जास्त वाटतं. तालमीच्या वाटेनं आलेला हा खेळ मुलींसाठी आपोआप खुला झालेला नाही. गॅलरीत बसलेल्या शाळकरी पोरींनी देशातल्या उत्तम खेळाडू तिथंच धावताना पाहिल्या.

सरावाचं काय?

सामन्यांचं मैदान सरावासाठी रोज देता येत नाही. दिलं तर ते महिन्यात उजाड होईल. मग संघ गांधी मैदान, दुधाळी किंवा मिळेल त्या मोकळ्या जागी सराव करतात. तिथं क्रिकेटवाले असतात, चालायला आलेले असतात, वर्षातून अनेकदा मंडप असतात.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याची पुढची घडण मात्र पुण्यात बालेवाडीला क्रीडा प्रबोधिनीत झाली. विश्वचषक आला की मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे फलक गल्लोगल्ली लावणाऱ्या शहराला हे मनाला लागायला हवं.

आपल्या पेठेजवळ एखादं मोकळं मैदान उरलं असेल, तर त्याच्यावर मंडप आणि वाहनतळ येण्याआधी तालमीनं महापालिकेकडं अर्ज द्यावा : निचऱ्याची चर, दोन गोलपोस्ट आणि पाण्याचा एक नळ. सरावाला एवढं पुरतं.