लोकशिक्षणाचें सरकारी कार्य आणि गांवोगांव फिरणारा सेवक

दुष्काळनिवारणाच्या अहवालांत धान्य, चारा व पाणी यांचा हिशेब वाचावयाचा. तेथें साक्षरतेचें प्रकरण कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, साहाय्याचा नियम कागदावर असतो आणि भूक पोटांत असते. या दोहोंच्या मध्यें उभा राहून नियम समजावून देणारा मनुष्य नसेल, तर मंजूर झालेली मदतही गरजूच्या हातीं पडत नाहीं. हजेरीपटावर अंगठा उठविणाऱ्या मजुरास आपल्या नांवापुढें किती दिवस मांडले गेले हें कळत नाहीं. आणि ज्यास तें कळत नाहीं, त्यास दादही मागतां येत नाहीं.

हें आपल्या प्रांतास नवें नाहीं. १८८० च्या दुष्काळ कमिशनाच्या अहवालानंतर सरकारनें दुष्काळाचे नियम बांधले. पुढें १८९६-९७ सालीं दुष्काळ पडला, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आपले प्रतिनिधी खेड्यापाड्यांत धाडून ते नियम रयतेस मराठींत समजावून दिले. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'नेंही तेंच कार्य केलें. सरकारास तें रुचलें नाहीं, व मार्च १८९७ मध्यें सभेची मान्यता काढून घेण्यांत आली. सरकारचाच नियम लोकांस वाचून दाखविणें हा त्या काळीं अपराध ठरला.

स्वातंत्र्यानंतर हें काम सरकारनेंच शिरावर घेतलें. १९५९ सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. प्राथमिक शिक्षक व गांवकरी यांनीं ती चालविली, आणि गांव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होत असे. २ ऑक्टोबर १९७८ रोजीं राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आरंभिला गेला. पांच वर्षांत १५ ते ३५ वयाच्या १० कोटी लोकांस शिकविण्याचा त्याचा संकल्प होता. १९८८ सालीं राष्ट्रीय साक्षरता मिशन निघालें. केरळांतील एर्नाकुलम् जिल्हा स्वयंसेवकांच्या बळावर फेब्रुवारी १९९० मध्यें संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. २००९ च्या 'साक्षर भारत' योजनेनें ७ कोटी प्रौढांचें, त्यांत ६ कोटी स्त्रियांचें, उद्दिष्ट ठेविलें.

उद्दिष्टें मोठीं होतीं. परंतु तीं ज्याच्या पायांवर चालावयाचीं, त्या सेवकाची तरतूद काय होती, तेंही पाहावें. १९७८ च्या कार्यक्रमांत वर्गशिक्षकास मासिक ५० रुपये मानधन होतें. 'साक्षर भारत' योजनेंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रावर दोन प्रेरक नेमावयाचे होते, व प्रत्येकास मासिक २,००० रुपये द्यावयाचे होते. पुष्कळ ठिकाणीं तेंही महिनोमहिने थकलें. मार्च २०१८ अखेर योजना संपली, आणि प्रेरकांचें कामही तिच्याबरोबर संपलें. २०२२ ते २०२७ या काळासाठीं आंखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम तर मुख्यत्वें विनावेतन स्वयंसेवकांवर सोंपविलेला आहे.

हा सेवक करतो तरी काय? दिवसभर राबून आलेल्या बाईस रात्रीं दिव्यापाशीं बसवून तो अक्षर गिरवावयास लावतो, हें त्याच्या कामाचें एक अंग झालें. अर्ज लिहून देणें, शिधापत्रिकेवरील नोंद वाचून दाखविणें, कचेरींत कोणाकडे जावें तें सांगणें, हें दुसरें अंग होय. मोहीम आटोपून तो निघून गेला कीं वाचावयास कांहीं उरत नाहीं, व शिकलेलें अक्षर विसरलें जातें. साताऱ्याच्या मोहिमेनंतर पुष्कळ ठिकाणीं हाच अनुभव आला. अवर्षणांत तर ऊसतोडीस किंवा शहराकडे निघालेल्या कुटुंबाबरोबर वर्गच मोडतो. म्हणजे ज्या वर्षीं वाचतां येण्याची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षीं शिकविणें बंद पडतें.

यावरून एक गोष्ट उघड होते. दुष्काळांत शिक्षणानें कामाच्या जागीं गेलें पाहिजे. हजेरीपट हीच पहिली पाटी व्हावी: आपलें नांव, दिवस, दर आणि एकूण मजुरी, एवढें वाचतां आलें तरी पहिल्या आठवड्याचें काम झालें. अक्षरानें पोट भरत नाहीं, हें आम्हीही जाणतों, आणि म्हणून धान्याच्या निधींतून या कामाकडे एक पैही वळवूं नये, असें आमचें मत आहे.

तरी सहृदय वाचकांस विनंति कीं, धान्यासाठीं द्यावयाचें तें द्यावेंच. त्याशिवाय यथाशक्ति कांहीं रक्कम लोकशिक्षण-सेवकांच्या खात्यावर वेगळी नोंदवावी, म्हणजे त्यांचें मानधन महिन्याच्या महिन्यास हातीं पडेल. ज्यांस द्रव्य देणें शक्य नाहीं, अशा सुशिक्षित स्त्रीपुरुषांनीं आठवड्यांतून एक दिवस चावडीवर बसून लोकांचे कागद वाचून द्यावे. भुकेल्यास दिलेला घांस एका दिवसाचा असतो. आपला हक्क त्यास वाचतां आला, तर पुढच्या दुष्काळांतही तो त्याच्या उपयोगीं पडेल.