वाढदिवसाला पक्कड

मराठी घरातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक लेमन सेट हमखास असतो. खोका न उघडलेला, चकचकीत कागद कोपऱ्यात फाटलेला. तो कुणाच्या तरी वास्तुशांतीला आला आणि पुढे कुणाच्या तरी मुंजीला जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. भिंतीवरची घड्याळे, फोटोफ्रेमा, शर्टपीस यांचाही प्रवास असाच चालू असतो. पक्कड मात्र अशी फिरत नाही. आली की ती कुठला तरी गंजका खिळा उपसते, जबड्यावर ओरखडा घेते आणि त्या घरची होऊन जाते. पुढे कित्येक वर्षे "मामाने दिलेली पक्कड आण रे" असे म्हणत ती मागवली जाते. वाढदिवसाला अवजार द्यावे असे मला वाटते, ते एवढ्याचसाठी.

पहिला विरोध घरातूनच होतो. लोखंड कसले देतोस वाढदिवसाला? शनिवारी लोखंड विकत घेऊ नये, धारदार वस्तू भेट दिली की नाते तुटते, असे मानणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. युरोपातही सुरी भेट दिली की मैत्री कापली जाते अशी समजूत आहे. त्यावर तिकडच्या लोकांनी काढलेला तोडगा मोठा व्यवहारी आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवायचे, म्हणजे ती भेट न राहता खरेदी होते. आजी अडूनच बसली तर हा प्रश्न एका रुपयात मिटतो. एरवी खंडेनवमीला आपण हातोडी, पाने, करवत पुसून पाटावर मांडतोच, हळदकुंकू वाहतो, झेंडूची फुले ठेवतो. त्याच वस्तू औक्षणाच्या तबकाशेजारी ठेवल्या तर काय बिघडले?

खरा घोटाळा होतो तो दुकानात. भेट दिसायला मोठी हवी, म्हणून माणूस प्लॅस्टिकच्या सुटकेसमधला शंभर नगांचा संच उचलतो. नग किती हे खोक्यावर ठसठशीत अक्षरांत छापलेले असते. पोलाद कोणते, हे शोधूनही सापडत नाही. त्या शंभरातले बरेचसे नग म्हणजे स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोके आणि भिंतीत ठोकायचे प्लॅस्टिकचे प्लग. पहिल्याच जिद्दी स्क्रूपुढे टोक गोल होते आणि सुटकेस माळ्यावर जाते. त्याच पैशात एकच अवजार घ्यावे, पण त्याच्या जातीतले उत्तम. उत्तम कॅमेरा किंवा उत्तम घड्याळ मध्यमवर्गीय खिशाला झेपत नाही. पण कारागीर ज्या पकडीवर रोजची भाकरी कमावतो, तशी देशी पक्कड अर्धा किलो काजूकतलीपेक्षा कमी पैशांत मिळते.

तेव्हा पकडीबद्दलच जरा सविस्तर बोलू. घरात लागते ती सात किंवा आठ इंची, दुकानात 'कॉम्बिनेशन' म्हणून मागावी अशी. तिच्या टोकाला पत्रा किंवा तार धरायचा सपाट, खाचांचा जबडा असतो. त्यामागे नट किंवा नळी पकडायची लंबगोल खोबण आणि सांध्याजवळ तार कापायची धार. एवढी कामे एकाच पोलादाच्या तुकड्याकडून करून घ्यायची, तर त्या तुकड्याला दोन स्वभाव असावे लागतात. धार इतकी कडक हवी की तार कापताना तिच्यावर खाच पडू नये. उरलेले अंग मात्र चिवट हवे, नाहीतर जोर लावताच ते काचेसारखे तुटेल. म्हणून चांगली पक्कड ओतीव नसते. तापवून लाल केलेल्या पोलादावर साच्यातून घणाचे घाव घालून ती घडवतात. त्यानंतर तिला पाणी पाजतात, म्हणजे तापवून झटकन निववतात आणि पुन्हा बेताचा ताव देतात. गावचा लोहार विळ्याला करतो तेच हे, फक्त भट्टीवर तापमापक असतो. शेवटी फक्त धारेचा भाग विजेच्या इंडक्शनने वेगळा तापवून आणखी कडक करतात. पोलादाचा कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. दर्जेदार पकडीची धार त्या मापावर साठच्या आसपास जाते, बाकीचे अंग बरेच खाली राहते.

हे सगळे कारखान्यातले. दुकानात गिऱ्हाईकाजवळ डोळे आणि बोटे एवढेच असते, पण तेवढे पुरते. पक्कड मिटवून उजेडासमोर धरा. धारेच्या दोन ओठांमधून उजेडाची रेघ दिसली, तर ती ठेवून द्या. एक कागद मागून धारेने कापून पाहा. तो फाटता कामा नये, कापला गेला पाहिजे. मग दोन्ही मुठी धरून जबडा आडवा हलवून बघा. रिव्हेटच्या सांध्यात आडवी हालचाल अजिबात नको, उघडझाप मात्र एका हाताने सहज व्हायला हवी. नवा सांधा थोडा आवळ असेल तर त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. ढिला मात्र कशाने सुधारत नाही. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत असे तपासून घेणाऱ्या गिऱ्हाईकाकडे कुणी वळूनही पाहत नाही, तिथे ते रोजचेच आहे. ऑनलाइन मागवणाऱ्याला हे सुख नाही.

मुठीच्या रंगीत आवरणाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. साधे प्लॅस्टिकचे आवरण हात घसरू नये म्हणून असते. ते विजेपासून वाचवेल असे समजू नये. विजेच्या कामाच्या अवजारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा शिक्का असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार अशा अवजाराची चाचणी १०,००० व्होल्टला होते. ज्याला तुम्ही भेट देणार तो घरचे स्विच-सॉकेट स्वतः उघडणारा असेल, तर हीच घ्यावी, आणि तरीही मेन स्विच बंद करूनच काम कर असे त्याला बजावावे. आपल्या घरातले २३० व्होल्टही माफ करत नाहीत.

ॲडजस्टेबल पान्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा एक धागा नाशिकपर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या एनशोपिंग गावात योहान पेटर योहान्सन या कारागिराने १८८६ मध्ये एक छोटा कारखाना काढला. त्या काळी नट-बोल्टची मापे एकसारखी नसत. दुरुस्तीला जायचे तर पान्यांचे ओझेच्या ओझे बरोबर न्यावे लागे. सरकत्या जबड्याचे पाने त्याच्या आधीही होते, पण आज आपण वापरतो तो आकार, एक जबडा स्थिर, दुसरा अंगठ्याने फिरवायच्या गोल स्क्रूवर सरकणारा, हा योहान्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्का केला. पुढे 'बाको' या नावाने हे पाने जगभर गेले. आपल्याकडे टपारिया या कंपनीने १९६९ मध्ये हातअवजारे बनवायला सुरुवात केली, तीही एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानेच. नाशिकच्या कारखान्यातून निघालेले टपारियाचे पाने आणि पकडी देशभरातल्या गॅरेजांत दिसतात.

हा पाना घेताना सरकता जबडा बोटांनी हलवून पाहावा. त्याचे डुलणे जेवढे कमी, तेवढे नटाचे कोपरे जास्त टिकतात. भेट देताना एक वाक्यही बरोबर द्यावे: जोर नेहमी स्थिर जबड्यावर येईल अशा दिशेने पाना ओढायचा. उलटा ओढला की तो घसरतो आणि बोटांची सालटी निघतात. स्कूटर स्वतः दुरुस्त करणाऱ्या निम्म्या लोकांना हे कुणी सांगितलेले नसते.

स्क्रू ड्रायव्हरवर फार शाई खर्च करत नाही. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या प्रयत्नांनी १९३० च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांत शिरले आणि तिथून जगभर पसरले. घरातल्या बहुतेक अशा स्क्रूंना दोन नंबरचे टोक लागते आणि आपण एक नंबरचे खुपसतो, एवढेच भांडण आहे. चांगल्या पोलादाचा दोन नंबरचा एक स्क्रू ड्रायव्हर नव्या भाड्याच्या खोलीत राहायला जाणाऱ्या भाचीला द्या. गुलाबी मुठीचा 'लेडीज' संच कृपा करून देऊ नका. हात लहान असेल तर सहा इंची पक्कड घ्यावी, तिची मूठ हातात नीट बसते. रंगाने पकड सुधारत नाही.

बागेची आवड असलेल्याला द्यायची वस्तू म्हणजे छाटणीची कात्री. इथे दोन जाती आहेत आणि निवड चुकली तर झाडाला भोगावे लागते. एका जातीत पाते दुसऱ्या वाकड्या ओठाला घासून पुढे जाते. हिरव्या, जिवंत फांदीला हीच हवी, कारण काप स्वच्छ पडतो आणि जखम लवकर भरते. दुसऱ्या जातीत पाते सपाट पट्टीवर येऊन आदळते. वाळकी लाकडे तोडायला ती बरी, हिरवी फांदी मात्र तिच्यात चिरडते. स्वित्झर्लंडच्या फेलिक्स फ्लिश यांनी १९४५ मध्ये सुरू केलेल्या फेल्को कंपनीची लाल मुठीची कात्री या क्षेत्रात मानाने ओळखली जाते. तिचे पाते, स्प्रिंग, बोल्ट असे सगळे भाग सुटे मिळतात आणि बदलता येतात. डावखुऱ्यांसाठीही ती वेगळी बनते, हे विशेष. डावखुऱ्या माणसाने आयुष्यभर उजव्या हाताच्या कात्र्यांशी झटापट केलेली असते. त्याच्या हातात त्याची कात्री ठेवा आणि चेहरा पाहा.

ही कात्री स्वस्त नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुंडीतल्या चार गुलाबांसाठी देशी बनावटीची चांगली कात्री भागवते. पण नाशिक-सांगलीकडे द्राक्षबाग असलेला मित्र असेल, तर हिशेब बदलतो. तिथे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. दिवसाला हजारो काप घेणाऱ्या हाताला मुठीचा आकार आणि स्प्रिंगची ताकद संध्याकाळी मनगटात कळते.

स्वयंपाकघरात जाताना मात्र देणाऱ्याने स्वतःची हौस बाहेर ठेवावी. परदेशी वाऱ्या करून आलेला मुलगा आईला आठ इंची जपानी सुरी आणतो. पोलाद अप्रतिम, धार अशी की टोमॅटोच्या चकत्या पारदर्शक निघाव्यात. पण आईने पन्नास वर्षे विळीवर भाजी चिरलेली असते. तिचे दोन्ही हात भाजीवर असतात आणि पाते पायाखालच्या पाटावर स्थिर. सुरीची सगळी रीत याच्या उलट आहे. शिवाय जपानी सुरीचे पोलाद फार कडक असते. सुपारी, कैरीची कोय किंवा नारळाची करवंटी लागली की तिची धार कपची होऊन उडते. अशा आईला खवणीची, जड पाटाची, नवी पाणी पाजलेली विळी द्यावी. गुडघे दुखत असतील तर ओट्यावर ठेवता येईल अशी. ज्या सुनेला किंवा मुलाला सुरीचा हात बसला आहे, त्यांना सुरी जरूर द्या, पण सोबत १००० ग्रिटचा धारेचा दगडही द्या. दगडाशिवाय दिलेली सुरी वर्षभरात बोथट होते आणि पुढे नुसती लटकत राहते.

मुलांना अवजार द्यावे का, हा प्रश्न हल्ली आईवडील घाबरत विचारतात. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हातकामाभोवती शिक्षण उभे करण्याची कल्पना मांडली. स्वीडनच्या शाळांत लाकूडकाम आणि शिवणकाम आजही विषय म्हणून आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला खेळण्यातली हातोडी देण्यात अर्थ नाही. ती खिळा ठोकत नाही आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. खरी, पण हलकी द्यावी, दोनशे ग्रॅमच्या आसपास. तिच्याबरोबर खिळे, मऊ लाकडाची फळी आणि मोठ्या माणसाची एक दुपार. यातली शेवटची वस्तू सगळ्यांत महाग पडते.

साठीच्या किंवा पंच्याहत्तरीच्या वाढदिवसाला नवे अवजार देण्यापेक्षा घरातले जुने दुरुस्त करून द्यावे, असे माझे मत आहे. वडिलांची दांडा सैल झालेली हातोडी घ्या, डोके गंज काढून पुसा आणि सुताराकडून बाभळीचा नवा दांडा बसवा. दांडा वरून पाचर मारून बसवलेला असावा, नुसता ठोकून नव्हे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुने रंधे, पटाशा अजून मिळतात. रंध्याचे पाते जाडजूड आणि न वाकलेले असेल, तर बाकीचे घासून-पुसून निघते.

राहिले नाव घालणे. भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर 'सप्रेम भेट' आणि तारीख कोरून देतात, तसे पान्यावर किंवा पकडीवरही कोरता येते. जागा निवडताना धार आणि जबडा टाळावा, मुठीकडचा भाग बरा. मजकूर थोडका ठेवावा, कारण पोलाद डब्यापेक्षा कितीतरी कडक असते आणि यंत्राची सुई त्यावर घसरते. कोकणात किंवा मुंबईत द्यायची असेल तर कोरल्यावर तिथे तेलाचे बोट फिरवा. खाऱ्या हवेत गंज आधी अशाच ओरखड्यात धरतो. आणि कोरण्याची घाई करू नका. ज्याला द्यायची त्याच्याकडे नेमकी तीच पक्कड आधीपासून असेल, तर दुकानदार बिल बघून बदलून देतो. नाव घातलेली मात्र कुणीच परत घेत नाही.