दर अर्ध्या तासाला

मुलाला आणलं तेव्हा तो रडत नव्हता, आणि बापाला त्याचंच समाधान होतं. "दुखायचं थांबलंय साहेब." वीटभट्टीवरचं कुटुंब. सरपण उचलताना विंचू चावला, आधी भगताकडून उतरवून घेतला, चुना लावला, मग पोराला इकडे आणलं. मी त्याचा हात हातात घेतला. हात गार पडला होता आणि सदरा पिळून काढावा इतका घामानं ओला.

माझं बालपण पडघ्यातलं. कौलं, पेंढ्याच्या गंज्या, पावसाआधी शाकारणी. विंचवांना आणखी काय हवं? आजी आघाड्याचं मूळ शोधायची आणि कोण किती बोंबलतोय त्यावरून विंचू किती जहाल ते ठरायचं. तांबड्या विंचवाच्या बाबतीत हे गणित पुष्कळदा उलटं असतं. नुसता ठणका असलेला माणूस बहुधा वाचतो. ओकाऱ्या, घाम, गार हातपाय असलेला गप्प माणूस जातो. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं, फुप्फुसात पाणी भरतं.

आमच्या पिढीला हे शिकवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, 1951 साली जन्मलेला, गरिबीत वाढलेला हा मुलगा नागपूरला डॉक्टर झाला आणि 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाला. संशोधन म्हटलं की आपल्याला काचेच्या नळ्या दिसतात. यांच्याकडे होता खाटेवरचा रुग्ण आणि एक वही. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातपाय, सगळं वेळेसकट. 1982 मध्ये त्यांची विंचूदंशाच्या लक्षणांवरची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली. 1986 मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन आलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या वाहिन्या सैल करते. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले चाळीसपर्यंत रुग्ण दगावत. त्यांच्या नोंदींनुसार हा आकडा एकावर आला. गरिबीत वाढलेल्या माणसाला हाताशी आहे त्यात भागवायची सवय असते. मला वाटतं, ही गोळी त्या सवयीतूनच सापडली.

त्या रात्री मीही वही उघडली. पोराचं वजन 17 किलो. किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅमची अर्धी गोळी. नऊ वाजता पहिली. हातपाय कोरडे आणि ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी पुढची.

साडेदहाला तो म्हणाला, "शू लागली." मी त्याला काखेत हात घालून उभं केलं. क्षणात डोळे फिरले आणि पोर माझ्या हातात लोंबलं. आडवं केलं, पाय उशीवर चढवले, सलाइन वाढवलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, ही गोळी दिल्यावर उठवायचं नसतं." हे मीही वाचलेलं होतं. वहीत साडेदहाच्या नोंदीपुढे मी माझी चूक लिहिली, खोडली नाही.

मग अकरा, साडेअकरा, बारा. दुसरी गोळी. बाहेर हायवेवर नाशिककडे जाणारे कंटेनर घुमत होते. एकदा मनगट, एकदा तळवा, एकदा छातीला स्टेथोस्कोप. बाकी काम म्हणजे बसणं. विंचवाची प्रतिलस त्या रात्री आमच्याकडे नव्हती. ती असती तर रात्र लहान झाली असती. बावस्कर दांपत्याने 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये 70 रुग्णांचा अभ्यास छापला. दोन्ही औषधं मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत सावरले होते, नुसत्या प्राझोसिनवर 35 पैकी 8.

तीनला तिसरी गोळी. पाचच्या सुमारास पोराचे पाय माझ्या हातापेक्षा गरम लागले. त्यानं चहा मागितला. मी आडवं ठेवूनच चमच्यानं पाजला.

वहीत एक रकाना मात्र रिकामा राहिला: दंशाची वेळ. बाप म्हणाला होता, "दिवेलागणीला." डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो. तेव्हा विंचू चावला तर आधी घड्याळ बघा, वेळ रुग्णाच्या हातावर पेनानं लिहा आणि सरळ दवाखाना गाठा. चुना पानाला राहू द्या.