नवा भाग आणि सुरू न होणारा संगणक : काही रूढ गैरसमज

संगणकात नवी रॅम, नवे ग्राफिक्स कार्ड अथवा नवी डिस्क बसवून कळ दाबावी आणि पडदा काळाच राहावा, असा प्रसंग ओढवला म्हणजे बहुतेक गृहस्थ एकाच निष्कर्षाप्रत येतात. तो असा की, नवा भाग सदोष निघाला किंवा जुने यंत्र कायमचे निकामी झाले. हा निष्कर्ष घाईचा असतो, आणि त्यापायी चांगला मदरबोर्ड बदलण्यापर्यंत मजल गेली तर खर्चाचाही ठरतो. भाग जळाल्याची शंका सर्वांत शेवटी घ्यावी आणि जोडणीतील उणीव सर्वांत आधी शोधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पंखे फिरत आहेत, दिवे लागले आहेत, त्या अर्थी वीजपुरवठा यथास्थित आहे, ही समजूत फार दृढमूल झालेली दिसते. वस्तुस्थिती निराळी आहे. वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, मदरबोर्डाकडे २४ पिनांची मुख्य केबल जाते. परंतु प्रोसेसरसाठी स्वतंत्र, बहुधा ८ पिनांची, दुसरी केबल लागते, आणि ती जोडावयाची राहिली अथवा नव्या कार्डाची खटपट करताना सैल झाली, तर पंखे बिनदिक्कत फिरत राहतात आणि प्रोसेसर मात्र कामाला लागतच नाही. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच. स्लॉटमधून त्याला सुमारे ७५ वॅटपर्यंतच वीज मिळू शकते. त्याहून अधिक भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसकडून वेगळी केबल द्यावी लागते, आणि प्रोसेसरची ८ पिनांची केबल व कार्डाची ८ पिनांची केबल या दिसायला सारख्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. शिवाय कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल जुन्या सवयीने मदरबोर्डावरच ठेवणारे पुष्कळ असतात. तशा वेळी यंत्र आत सुरळीत चालू असूनही पडद्यावर काहीच उमटत नाही.

रॅमविषयीचा गैरसमज असा की, जी पट्टी स्लॉटमध्ये मावते ती चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोहोंनाही २८८ संपर्कबिंदू असले तरी त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, आणि ती बळजबरी रोखण्यासाठीच असते. उलट योग्य पट्टीही पुरती दाबली गेली नाही, तर यंत्र उठत नाही. म्हणून खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत ती दोन्ही टोकांस समान दाबावी. डीडीआर५ बसवल्यानंतरच्या पहिल्या प्रारंभी मदरबोर्ड त्या स्मृतीशी आपला मेळ घालून पाहतो, आणि या कामी कधी कधी काही मिनिटे जातात. तेवढ्या अवधीत पडदा कोराच असतो. अधीर होऊन वीज तोडणारा मनुष्य तीच प्रक्रिया पुनःपुन्हा आरंभापासून करावयास लावतो व नव्या रॅमला दोष देतो.

सॉकेट जुळला की प्रोसेसर चालतो, हेही खरे नाही. २०१७ सालच्या एएम४ मदरबोर्डात २०२० सालचा रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर तंतोतंत बसतो. परंतु त्याची ओळख असलेला बायोस, म्हणजे मदरबोर्डाची प्रारंभिक आज्ञावली, आधी चढवला नसेल, तर यंत्र स्तब्धच राहते.

नवी एम.२ डिस्क बसवल्यावर जुनी डिस्क दिसेनाशी झाली, तर माहिती नष्ट झाली असे समजून कित्येक जण हवालदिल होतात. अनेक मदरबोर्डांवर विशिष्ट एम.२ स्लॉट वापरात आला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद पडतात, एवढेच कारण असते. केबल दुसऱ्या पोर्टात घालावी. तसेच बायोसची नोंद पूर्ववत करण्यासाठी मदरबोर्डावरील ३ व्होल्टचा गोल सेल काढला तरी डिस्कवरील मजकुरास धक्का लागत नाही. मात्र बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय चालू असेल, तर अशा फेरबदलानंतर विंडोज ४८ अंकांची पुनर्प्राप्ती-किल्ली मागू शकते. ती आगाऊ लिहून ठेवणे शहाणपणाचे.

तपासाचा क्रम साधा आहे. नवा भाग काढून यंत्र पूर्वीसारखे उठते का ते पाहावे. न उठल्यास प्रोसेसर, एकच रॅम आणि पडद्यापुरती सोय एवढेच ठेवून सुरुवात करावी व पुढे एकेक भाग वाढवीत जावे. पुष्कळ मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व बूट यांसाठी चार लहान दिवे असतात. अडलेल्या टप्प्याचा दिवा लागून राहतो, त्याचा दाखला अवश्य घ्यावा. बीपच्या आवाजांचा अर्थ मात्र सर्वत्र एक नसतो. तो आपल्या मदरबोर्डाच्या पुस्तिकेतच पाहावा.

वाचकांना दोन विनंत्या. सुटणाऱ्या केबलांच्या एसएमपीएसला दुसऱ्या एसएमपीएसची केबल लावू नका. टोक बसले तरी पिनांची रचना भिन्न असू शकते आणि त्यामुळे डिस्क खरोखरच जळतात. आणि एसएमपीएसची पेटी स्वतः कधीही उघडू नका, कारण वीज तोडल्यानंतरही तिच्या कपॅसिटरांत जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो.