काटक मेदाका आणि नरडाण्याचा हौद

नरडाण्याच्या शिवारात कापूस आणि बाजरी दिसते, भाताची खाचरे नाहीत. मे महिन्यात खानदेशचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तरीही जपानच्या भातखाचरांत वाढलेला बोटाच्या पेराएवढा मेदाका इथल्या अंगणात पाळता येईल आणि तो पाळावाही, असे मला वाटते. फक्त तो हौदातच राहायला हवा. ‘काटक मासा आहे, सोडा शेततळ्यात, जगेल’ हा विचार घातक आहे, आणि त्याचा पुरावा याच माशाच्या इतिहासात सापडतो.

मेदाका हिवाळ्यात बर्फाखालच्या पाण्यात तगतो आणि उन्हाळ्यात ३५ अंशांचे पाणीही काही काळ सोसतो. १९९४ मध्ये कोलंबिया यानातून चार मेदाका अवकाशात गेले. तिथे त्यांनी अंडी घातली आणि पिल्लेही तिथेच निघाली. एवढा चिवट मासा, पण १९९९ मध्ये खुद्द जपानच्या पर्यावरण खात्याला त्याचे नाव धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घालावे लागले. पाट काँक्रीटचे झाले, पाट आणि खाचर यांमधली त्याची ये-जा तुटली, कीटकनाशके वाढली आणि डासांसाठी आणलेला अमेरिकी गॅम्बुझिया त्याच्या पाण्यात शिरला. शिवाय हौसेने सोडलेल्या नारिंगी मेदाकांचा रानातल्या मूळ माशांशी संकर झाला. हा शेवटचा मुद्दा आपल्याला सर्वांत जवळचा आहे, कारण ते नुकसान माशांवर प्रेम करणाऱ्यांच्याच हातून झाले.

आता हौदाकडे येऊ. नरडाण्यात खरी अडचण उन्हाची, आणि उन्हापेक्षाही प्राणवायूची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना तो ७ वर येतो. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून खिडकीतल्या काचेच्या लहान टाकीपेक्षा जमिनीत अर्धा गाडलेला, हात-दीड हात खोल हौद चांगला. त्यावर दुपारपुरती शेडनेट ओढावी, मासे मोजकेच ठेवावेत आणि कडक उन्हाळ्यात खाणे कमी करावे, कारण उरलेले अन्न कुजतानाही प्राणवायूच खाते. सिमेंटचा नवा हौद चुना सोडतो. तो भरून-उपसून काही आठवडे मुरवल्याशिवाय त्यात मासा घालू नये. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच ओतावे. पाणीटंचाईच्या भागात हा छंद कशाला, असे कोणी विचारेल. पण हौद रोज उपसायचा नसतो. उडालेले पाणी भरायचे आणि अधूनमधून काढलेले झाडांना घालायचे, एवढाच त्याचा खर्च.

पैदास तर बघण्यासारखी असते. नराच्या पाठीवरच्या पराला मागे खाच असते आणि पोटाखालचा पर रुंद असतो, त्यावरून जोडी ओळखता येते. दिवस मोठा झाला की मादी सकाळी उजाडता उजाडता अंडी घालते आणि त्यांचा काचमण्यांसारखा घोस काही तास पोटाखाली घेऊन फिरते. मग पाण्यात सोडलेल्या काथ्याच्या जुडग्याला तो चिकटतो. जुडगा दुसऱ्या टबात हलवावा, नाहीतर आई-बापच अंडी खातात. २५ अंशांना साधारण दहा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांना शेवाळाचे हिरवे पाणी पुरते.

महाराष्ट्राचा स्वतःचा मासा सोडून जपानचा कशाला, हा आक्षेप रास्त आहे. १९४० मध्ये चं. वि. कुलकर्णी यांनी मुंबई इलाख्यातून याच कुळातला ‘सेतनाई’ जगासमोर आणला. तो पारदर्शक, आणि त्याच्या मादीला पोटाखालच्या परांच्या जोडीपैकी एकच पर. पण तो खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातला. नरडाण्याच्या हौदात त्याला डांबणे हा त्याच्यावर अन्याय होईल. दुसरा आक्षेप डासांचा. आरोग्य खाते गप्पी मासे वाटतेच, मग मेदाका तळ्यात का नको? डासांच्या अळ्या दोघेही खातात, आणि बंदिस्त हौदात दोघेही चालतील. पण गॅम्बुझिया १९२८ मध्ये याच कारणाने भारतात आला आणि आज तो जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. मेदाकाही इथला परकाच. म्हणून पावसाळ्यात हौद भरून वाहू लागण्याआधी सांडव्याच्या नळीला बारीक जाळी बसवावी. जास्तीची पिल्ले दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत, नाल्यात टाकू नयेत. इथले नाले शेवटी तापीलाच जाऊन मिळतात.