गाड्या गेल्या, घड्याळ राहिलं

पॅरिसला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न आयफेल टॉवरचा विचारतात आणि दुसरा मोनालिसाचा. मी मात्र गेले काही महिने जो भेटेल त्याला एका रेल्वे स्टेशनाची गोष्ट सांगते आहे. स्टेशन म्हणजे, आता ते स्टेशन उरलेलं नाही. तिथं मोने, माने, रन्वार, व्हॅन गॉग यांची चित्रं लावलेली आहेत आणि ती पाहायला दरवर्षी लाखो माणसं रांगा लावतात. म्युझे दॉर्से, म्हणजे ओर्सेचं संग्रहालय, हे त्याचं नाव. तिथल्या चित्रांवर पुष्कळ लिहून झालंय. मला सांगायचंय ते इमारतीबद्दल. चाळीस वर्षं घरांचे नि शाळांचे नकाशे काढण्यात गेली की माणसाची नजर चित्राआधी ते ज्या भिंतीवर टांगलंय त्या भिंतीकडे जाते, त्याला इलाज नाही.

जागा सेन नदीच्या डाव्या काठावर. समोर त्विलरी बाग आणि लूव्र. इतकी मोक्याची जागा त्या गावात शोधून सापडायची नाही. पूर्वी इथं सरकारी कचेऱ्यांचा एक राजवाडा होता. १८७१ साली पॅरिस कम्यूनच्या धामधुमीत तो जळाला आणि त्याच्या काळवंडलेल्या भिंती पंचवीसहून अधिक वर्षं तशाच उभ्या होत्या. १९०० सालचं जागतिक प्रदर्शन तोंडावर आलं तेव्हा पॅरिस-ओर्लेआँ रेल्वे कंपनीला चिंता पडली. तिचं स्टेशन ऑस्टरलिट्झला, प्रदर्शनापासून लांब. प्रवासी थेट गावाच्या मध्यावर उतरले पाहिजेत. म्हणून ही जागा तिनं मिळवली आणि व्हिक्टर लालू नावाच्या वास्तुरचनाकाराला काम दिलं. समोर लूव्र असल्यामुळे लोखंडी सांगाडा उघडा ठेवणं कुणालाच रुचलं नसतं. लालूनं सांगाड्याला बाहेरून दगडाचा अंगरखा चढवला, दर्शनी बाजूला दोन अवाढव्य घड्याळं बसवली, शेजारी ३७० खोल्यांचं हॉटेल जोडलं, आणि दोन वर्षांत हे सगळं उभं करून १४ जुलै १९०० ला उद्‌घाटनही उरकलं. आपल्याकडे दोन वर्षांत पुलाचा एक खांब उभा राहिला तरी आपण पेढे वाटतो.

आतला मुख्य मंडप १३८ मीटर लांब, ४० मीटर रुंद आणि ३२ मीटर उंच. वर काचेचं छत, कमानींवर गिलाव्यात घडवलेली शेकडो फुलं. स्टेशनात एवढी नक्षी कशी टिकली, असा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर सोपं आहे: इथं कोळशाची इंजिनं येतच नव्हती. गाड्या विजेवर चालत, धूर नाही, काजळी नाही. त्यामुळे छत बंद ठेवता आलं आणि सजवताही आलं. एदुआर देताय नावाच्या चित्रकारानं तेव्हाच थट्टेनं म्हणून ठेवलं होतं की हे स्टेशन कलाभवनासारखं दिसतं आणि खरं कलाभवन स्टेशनासारखं, तर वेळ आहे तोवर दोघांची अदलाबदल करून टाका. बिचाऱ्याची थट्टा खरी व्हायला शहाऐंशी वर्षं लागली.

मौज अशी की ज्या विजेनं स्टेशनाला रूप दिलं तिनंच त्याचा घात केला. मार्गांचं विद्युतीकरण पुढं पुढं सरकलं तशा गाड्या लांब झाल्या आणि ओर्सेचे फलाट आखूड पडू लागले. नदी आणि रस्ते यांच्यामध्ये अडकलेली जागा. फलाट वाढवणार कुठे? १९३९ नंतर लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या, फक्त उपनगरी गाड्या उरल्या. पुढची तीस-पस्तीस वर्षं या इमारतीनं पडेल ते काम केलं. युद्धात कैद्यांना पाठवायची पार्सलं इथून जात. युद्ध संपल्यावर सुटून आलेले कैदी इथंच उतरले. दगोलनी सत्तेवर परतण्याआधीची आपली गाजलेली पत्रकार परिषद मे १९५८ मध्ये इथल्याच हॉटेलात घेतली. ऑर्सन वेल्सनं १९६२ च्या ‘द ट्रायल’ या सिनेमाचं चित्रण या ओसाड दालनांत केलं. एका नाटक मंडळीनं बिऱ्हाड थाटलं, लिलाव झाले. एकत्र कुटुंबातली वडीलधारी विधवा आत्या जशी कधी याच्या बाळंतपणाला, कधी त्याच्या आजारपणाला हजर असते आणि तिची स्वतःची म्हणून खोली नसते, तशी या वास्तूची अवस्था होती.

मग तिला पाडून तिथं मोठं आधुनिक हॉटेल बांधायचं ठरलं. परवानगीही मिळाली होती. पण त्याच सुमारास पॅरिसकरांच्या डोळ्यांदेखत एक गोष्ट घडली. शहराच्या मध्यावरचा जुना घाऊक बाजार, ले आल, त्याचे लोखंडी मंडप १९७१ मध्ये पाडायला सुरुवात झाली. बाल्तार नावाच्या वास्तुरचनाकाराचे हे मंडप पाडले गेल्यावर लोकांना कळलं की आपण काय घालवलं. जनमत असं फिरलं की ओर्सेला हात लावणं सरकारला जड जाऊ लागलं. १९७३ मध्ये इमारत संरक्षणाच्या यादीत आली, १९७७ मध्ये जिस्कार देस्तँ राष्ट्राध्यक्ष असताना तिथं एकोणिसाव्या शतकातल्या कलेचं संग्रहालय करायचा निर्णय झाला. म्हणजे एका इमारतीनं मरून दुसरीला वाचवलं.

इथवरची गोष्ट पर्यटकांच्या पुस्तिकांतही असते. खरी डोकेदुखी यानंतर सुरू झाली. वाचवलेल्या इमारतीचं करायचं काय?

थोडा विचार करून पाहा. स्टेशन बांधतात ते माणसानं तिथं थांबू नये म्हणून. उंच छत, भरपूर उजेड, रुंद वाट; येणाऱ्यानं यावं, जाणाऱ्यानं जावं. संग्रहालयात माणसानं रेंगाळावं अशी अपेक्षा. उघडा सूर्यप्रकाश चित्रांचा वैरी, त्यातून कागदावरची खडूची चित्रं तर अगदी नाजूक. आणि आकाराचं काय? कुर्बेचं अंत्यविधीचं प्रचंड चित्र सहा मीटरहून अधिक लांब आहे, त्याला बत्तीस मीटर उंचीचा धाक नाही. पण त्याच संग्रहात मानेचं एक चित्र आहे, वहीच्या पानापेक्षा लहान, त्यावर ॲस्परॅगसची एकुलती एक कांडी. त्याचा किस्सा गोड आहे. मानेनं ॲस्परॅगसच्या जुडीचं चित्र आठशे फ्रँकला विकलं, घेणाऱ्यानं खूश होऊन हजार पाठवले. मानेनं ही एक कांडी वेगळी रंगवून पाठवून दिली आणि कळवलं की तुमच्या जुडीतली एक राहिली होती. आता ही कांडी त्या मंडपात टांगली तर ती दिसणार कुणाला?

१९७९ साली स्पर्धा झाली. एसीटी नावाच्या गटातल्या तीन तरुण वास्तुरचनाकारांची योजना निवडली गेली. त्यांनी मंडप बुजवला नाही. मधोमध हळूहळू चढत जाणारी वाट ठेवली, तिच्यावर शिल्पं मांडली, दोन्ही अंगांना दालनं आणि त्यांच्या डोक्यावर गच्च्या केल्या, आणि मोने-रन्वार मंडळींना थेट वर, छताखाली, जिथं आभाळाचा उजेड गाळून घेता येतो तिथं नेलं. आतल्या मांडणीसाठी १९८० मध्ये इटलीहून गाए आउलेन्ती आल्या. त्या पुरुषी व्यवसायात एका बाईच्या हाती फ्रान्सचं एवढं मोठं काम, हे मला लिहायला आवडतं. १ डिसेंबर १९८६ ला अध्यक्ष मितेराँच्या हस्ते उद्‌घाटन झालं आणि आठवड्यानं दारं लोकांसाठी उघडली.

टीकाही भरपूर झाली. आउलेन्तीबाईंनी फिकट दगडाच्या जाड भिंती आणि चौथरे उभे केले. ते पाहून काहींना इजिप्तमधल्या थडग्यांची आठवण झाली. मला टीका अर्धी पटते. बाईंनी लालूच्या फुलापानांची नक्कल केली नाही, हे फार बरं केलं. जुन्या वाड्यात नवी भिंत घालताना तिला जुन्या भिंतीचं सोंग देऊ नये, नवीला नवीच दिसू द्यावं. पण दगड जरा जास्तच झाला. तळमजल्यावर फिरताना लालू आणि आउलेन्ती यांचं भांडण ऐकू येत राहतं आणि चित्रं मध्येच कोपऱ्यात गप्प बसतात. वरच्या दालनांचं म्हणाल तर २०११ मध्ये झां-मिशेल विल्मोत यांनी ती नव्यानं सजवली. पांढऱ्या भिंती जाऊन गडद करड्या आल्या आणि मोनेचे रंग एकदम पुढं आले. हे आपल्या घरातल्या भिंतींवरही करून पाहण्यासारखं आहे. पांढरा रंग चित्राला उठाव देतो हा समज सगळीकडे आहे, पण शेजारी लख्ख पांढरी भिंत असली की चित्रातला उजेड फिका पडतो.

वरच्या मजल्यावर घड्याळाच्या पाठीमागे उभं राहता येतं. काचेची प्रचंड तबकडी, उलटे आकडे, काट्यांच्या फटीतून नदी आणि लांब मोंमार्त्रची टेकडी. फोटो काढणाऱ्यांची तिथं झुंबड असते. याच संग्रहालयात मोनेनं १८७७ मध्ये रंगवलेलं सँ-लाझार स्टेशनाचं चित्र आहे, निळसर वाफेनं भरलेलं. हे चित्रकार सँ-लाझारवरून गाडी पकडूनच आर्झांतय नि नॉर्मंडीकडे उघड्यावर रंगवायला जात. रेल्वे नसती तर यातली निम्मी चित्रं झाली नसती. ती स्टेशनात राहायला आली, यात न्यायच आहे म्हणायचा. तळघरातून अजून उपनगरी गाड्या जातातच.

आपल्या मुंबईत याचा धाकटा भाऊ आहे. रीगलसमोरचा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचा. मैफली, सभा, बॉक्सिंग, लग्नाचे स्वागत समारंभ, चामड्याच्या वस्तूंचे सेल, सगळं पाहून झालं आणि १९९६ पासून तिथं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. बाहेरचं कवच जुनं, आत अर्धगोल सज्जे एकावर एक. तिथंही चित्र पाहता पाहता पाय जिन्याकडेच वळतात. मुलांना जरूर न्या, त्यांना जिने आवडतात.

पॅरिसहून मी भाचीकडे लोझानला गेले. गाडीनं चार तासांच्या आत. स्टेशनवर उतरले तर भाची म्हणाली, “मावशी, सामान घरी टाकण्याआधी तुला एक दाखवते,” आणि फलाटांच्या बाजूनं चालत पाच मिनिटांत मला एका राखाडी विटांच्या लांबलचक इमारतीपुढं उभं केलं. १४५ मीटर लांब, २१ मीटर रुंद. हे त्या प्रांताचं नवं कलासंग्रहालय, २०१९ मध्ये उघडलेलं. आधी ते सरोवराकाठी बांधायचं होतं, पण २००८ मध्ये मतदारांनी तो बेत मतपेटीतून उडवून लावला. संग्रहालय कुठं व्हावं यावर मतदान घेणारा देश! मग रेल्वेची जुनी इंजिनशेडची जागा पुढं आली. स्टेशनात नऊ फलाट, म्हणून कलेच्या या नव्या वस्तीचं नाव ठेवलं प्लातफॉर्म दीस, दहावा फलाट. २०२२ मध्ये छायाचित्रांचं आणि डिझाइनचं अशी आणखी दोन संग्रहालयंही शेजारी राहायला आली.

इथं ओर्सेच्या नेमकं उलट घडलं. १९११ सालची इंजिनशेड पाडली. बार्सिलोनाच्या बारोत्सी आणि व्हेगा यांचा युक्तिवाद असा, की शेडमध्ये संग्रहालय कोंबण्यापेक्षा रुळांशी समांतर अशी नवी इमारत बांधली तर पुढं लोकांना बसायला चौक मिळेल. रुळांकडची भिंत जवळपास आंधळी, गाड्यांचा आवाज आणि दक्षिणेचं ऊन दोन्ही अडवणारी. चौकाकडच्या बाजूला विटांच्या उभ्या पट्ट्या. वरच्या मजल्यावर छतातून येणारा मऊ उजेड. चित्रांच्या दृष्टीनं पाहिलं तर हे ओर्सेपेक्षा सरस आहे, मानेची ती कांडी इथं सुखानं राहील. पण शेड पाडली ती पाडलीच, आणि ते सगळ्यांना पटलं नव्हतं. माझं मन अजून दोन्हीकडे आहे. लालूचा मंडप अपूर्व होता. इंजिनशेड ही कामकरी इमारत, तशा शेकडो असतील. पण ‘तशा शेकडो’ म्हणत म्हणतच त्या एकेक करून संपतात. बाल्तारचे मंडपही कुणाला तरी असेच वाटले असणार.

वास्तुरचनाकारांनी शेडची एकच गोष्ट ठेवली. तिची कमानदार उंच खिडकी. नव्या इमारतीच्या त्या आंधळ्या भिंतीतून तेवढा भाग रुळांकडे पुढं आलेला दिसतो, आणि आत शिरल्यावर दिवाणखान्यासारख्या उंच दालनात ती खिडकी समोरच उभी असते. शेजारी ज्युझेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराचं झाड आहे. आम्ही गेलो तेव्हा तीन-चार वर्षांचा एक मुलगा झाडाकडे पाठ करून खिडकीपाशी उभा होता. बाहेर एक गाडी सुटत होती. आई त्याला चित्रांकडे ओढत होती आणि तो डबे मोजत होता. तिनंही मग नाद सोडला, पिशवी खाली ठेवली आणि त्याच्याबरोबर उभी राहिली.