माजघरात कोंडलेली पेशवाई

ऐतिहासिक मालिका पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या तक्रारी बहुधा वस्तूंपासून सुरू होतात. पेशव्यांच्या स्त्रियांच्या अंगावर यंत्रमागाची झगझगीत जर दिसते, समईच्या मंद प्रकाशात वावरणारे महाल मंगल कार्यालयासारखे लख्ख उजळलेले असतात, आणि बोरूने मोडीत लिहिलेला असावयास हवा असा खलिता उलगडावा, तर आतून छापील वळणाचे स्वच्छ देवनागरी अक्षर बाहेर पडते. या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु तेवढ्यावर थांबणारा प्रेक्षक चोर सोडून संन्याशाला सुळी देतो, असे माझे मत आहे. मोडी आज बहुतेकांना वाचता येत नाही, तेव्हा देवनागरी खलिता ही सोय म्हणून चालवून घेता येईल. आणि ज्या शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 साली झाली, तो 1828 च्या आगीत भस्मसात होऊन आता तटबंदी, दरवाजे आणि जोतीच काय ती शिल्लक असल्यामुळे, त्याचे अंतरंग पुष्कळसे कल्पनेने उभारणाऱ्या कलादिग्दर्शकाला दोष तरी किती द्यावा? क्षमा करवत नाही ती निराळ्याच गोष्टीची. त्या वाड्यात वावरणारी माणसे त्या काळातली नसतात; ती शेजारच्या वेळेला लागणाऱ्या कौटुंबिक मालिकेतून नऊवारी नेसून आलेली असतात.

गोपिकाबाईंचेच पाहा. वाईच्या रास्त्यांची ही कन्या नानासाहेब पेशव्यांची पत्नी झाली. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर तिचा थोरला मुलगा विश्वासराव पडला, त्याच वर्षीच्या जून महिन्यात पर्वतीवर पती गेले, 1772 साली मुलगा पेशवे माधवराव क्षयाने गेले, आणि पुढच्याच वर्षी, 30 ऑगस्टला, धाकट्या मुलाचा, नारायणरावाचा, खुद्द शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. कारभारात लक्ष घालण्याची तिला हौस होती आणि अधिकारही वाटत होता. माधवरावाशी पटेनासे झाले तेव्हा ती पुण्याहून निघून नाशिकजवळ गंगापुरास राहिली, आणि उतारवयात नातवाला, म्हणजे सवाई माधवरावाला, दिनचर्या कशी ठेवावी आणि वर्तन कसे असावे याचे उपदेशपत्र तिने लिहून पाठविले. कर्तृत्व, हट्ट, सत्तेची चव आणि एकामागून एक आलेले मृत्यू यांनी घडलेली ही स्त्री एखाद्या समर्थ लेखकाच्या हाती लागती, तर मराठीला एक शोकात्म नायिका मिळाली असती. दैनंदिन मालिकेच्या साच्यात मात्र तिच्यासाठी एकच जागा रिकामी असते, ती खाष्ट सासूची. सून देवघरात चुकली, सून स्वयंपाकघरात चुकली, सुनेने पदर नीट घेतला नाही, आणि प्रत्येक चुकीवर सासूचा चेहरा ढोलांच्या आवाजासह तीन वेगवेगळ्या बाजूंनी दाखविला गेला, की त्या दिवसाचा एपिसोड पुरा झाला.

हे का होते, याची कैफियत केवळ लेखकाच्या माथी मारून भागणार नाही. दैनंदिन मालिका हा एक हौद आहे आणि तो रोज भरावा लागतो. आठवड्यातून पाच-सहा दिवस, जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांचा ऐवज, आणि लोक पाहत आहेत तोवर चालू ठेवण्याची सक्ती, अशी ही व्यवस्था आहे. कादंबरीला शेवट असतो. तिच्या चार-पाचशे पानांतील प्रसंग दोन-तीन महिन्यांत संपून जातात, आणि मग प्रेक्षक ज्याला पाणी घालणे म्हणतात ते सुरू होते. शिवाय मोहिमेला घोडे लागतात, माणसे लागतात, उघडे रान लागते. माजघराला एक सेट पुरतो. त्यामुळे ज्या माधवरावाने 1763 साली राक्षसभुवनावर निजामाचा पराभव केला, ज्याने हैदरावर कर्नाटकात स्वाऱ्या केल्या, 1768 साली धोडपच्या किल्ल्याखाली चुलत्याला गाठून कैद केले, आणि ज्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस मराठ्यांनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविले, तो माधवराव मालिकेत आई आणि बायको यांच्यामध्ये अवघडून उभा असलेला नवरा होतो. अकरा वर्षांचे राज्य ओसरी आणि माजघर यांच्या दरम्यान आटोपते.

त्यातही खेद असा, की जे खरोखर माजघरापर्यंत पोचलेले राजकारण होते, तेही या मंडळींना दिसत नाही. मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा माधवरावाने नऊ कलमांची एक यादी करविली, आणि तीत डोक्यावरचे कर्ज फेडण्याचा विषय अग्रक्रमाने होता. पानिपतानंतर वारशाने आलेले सावकारांचे देणे मरणाच्या दारातही ज्याच्या मनातून जात नाही, अशा सत्तावीस वर्षांच्या तरुणाइतके नाट्यमय पात्र कोणत्या लेखकाला कल्पनेतून सुचणार आहे? परंतु कर्ज, व्याज, थकलेली चौथाई, पागेचा खर्च हे विषय प्रेक्षकाला समजणार नाहीत, असे कोणीतरी परस्पर ठरवून टाकलेले आहे. गृहकर्जाचे हप्ते भरणारा प्रेक्षक कर्जाचे दुःख जाणत नाही, हे गृहीत धरणाऱ्याचे मला कौतुक वाटते.

साहित्यकृतीवरून मालिका करताना तर घोटाळा आणखी वाढतो, कारण तेथे मूळ वस्तूपासून आपण दोन पायऱ्या दूर असतो. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले आणि गो. स. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद 45 भागांत छापविले. या सामग्रीवर पुढे कादंबऱ्या पोसल्या. कागदपत्रांत माधवरावाच्या पत्नी रमाबाईंविषयी फार थोडे सापडते. रणजित देसाई यांनी 1962 च्या ‘स्वामी’त त्या थोड्या माहितीभोवती एक हृद्य दांपत्य उभे केले, ते वाचकांना इतके मानवले की इतिहासातील माधवराव आणि कादंबरीतील माधवराव यांच्यातली सीमारेषा पुसली गेली. कादंबरीकाराचा तो अधिकारच आहे, आणि ‘स्वामी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो इतिहासग्रंथ म्हणून नव्हे. पण पुढे मालिका करणारा त्या कादंबरीलाच अस्सल दफ्तर समजू लागला, आणि कादंबरीत मुळात मोजून वापरलेला हळवेपणा त्याने रोजच्या रतिबाला लावला, म्हणजे सारेच बिघडते. थेऊरला रमाबाई सती गेल्या. ही घटना पडद्यावर आणताना लेखकाची खरी कसोटी लागते, कारण त्या काळच्या मनाला ती कशी दिसत होती आणि आपल्या मनाला ती कशी दिसते, हे दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागते. मालिका हा पेच सोडवीत नाही. ती सनईचे सूर लावते आणि प्रेमकथेचा कळस म्हणून चितेकडे बोट दाखविते.

जुने ते सारे सोने असे म्हणण्याची माझी तयारी नाही; तरीही 1987 साली दूरदर्शनवर गजानन जागीरदार यांनी ‘स्वामी’ सादर केली, तिचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. प्रभातच्या 1944 च्या ‘रामशास्त्री’त ज्यांनी रामशास्त्र्यांची भूमिका केली, त्याच जागीरदारांनी वृद्धापकाळी ही मालिका दिग्दर्शित केली, आणि रवींद्र मंकणी व मृणाल देव (पुढे कुलकर्णी) यांनी माधवराव-रमाबाई उभे केले. साधने बेताची होती, सेट बेताचे होते, आणि आजच्या डोळ्यांना ती मालिका संथ वाटेल, हे कबूल. परंतु ती आठवड्यातून एकदा लागत असे, तिला शेवट ठाऊक होता, आणि पात्रांना मध्येच गप्प बसण्याची मुभा होती. त्या काळच्या दूरदर्शनला तेरा भागांच्या हिशेबाने मालिका मंजूर करण्याची सवय होती. त्या सरकारी शिस्तीला आपण तेव्हा नावे ठेवली, पण कथेला कुंपण घालण्याचे काम तिनेच केले. पुढल्याच वर्षी गोविंद निहलानी यांनी भीष्म साहनींची ‘तमस’ मोजक्या भागांत मांडली, तिच्यावर खटले झाले, न्यायालयाने ती थांबविण्यास नकार दिला, आणि ती अजून लोकांच्या स्मरणात आहे.

दैनंदिन मालिकेत चांगले काही होतच नाही, असेही नाही. 2012 साली सुरू झालेल्या ‘उंच माझा झोका’ने रमाबाई रानडे हे नाव हजारो घरांत नेले, आणि लहान मुली पाटी घेऊन रमा-रमा खेळू लागल्या, हे लहानसहान कार्य नव्हे. तरी ज्याने रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे 1910 सालचे पुस्तक वाचलेले आहे, त्याला मालिका पाहताना एक चुटपुट लागून राहतेच. अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या विधुराशी लग्न झालेली ही मुलगी शिकू लागली म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तिला किती छळले, हे रमाबाई लिहितात. पण लिहिताना त्यांच्या लेखणीत सूड नाही, आणि त्या बायकांना त्या खलनायिका करीत नाहीत. त्याही आपापल्या समजुतीने धर्म सांभाळीत होत्या, हे जाणूनच त्या लिहितात. मालिकेला हा समजूतदारपणा परवडत नाही, कारण उद्याच्या भागासाठी आज कोणीतरी दुष्ट हवे असते. आणि खुद्द त्यांचे पती, न्यायमूर्ती रानडे? 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहाचा पेला पुढे आल्यावरून उठलेल्या वादळात पुढे प्रायश्चित्त घेणारा हा सुधारक, एकाच वेळी धीट आणि भिडस्त, मित्रांनाही न उमगलेला असा होता. दुसरी कोणतीही कथा न घेता त्या एका प्रायश्चित्ताभोवती सहा भागांची मालिका रचता येईल. सासू-सुना नकोत, कपटी दिवाणजी नकोत, वाड्यात वीज कोसळावयास नको.

हे केवळ स्वप्नरंजन नाही. आता वाहिन्यांबरोबर ओटीटीचे दार उघडे झाले आहे, आणि तेथे सहा-आठ भागांत कथा संपविणे हाच रिवाज आहे. हिंदी आणि मल्याळी निर्माते त्याचा लाभ घेत आहेत. मराठीत कादंबऱ्यांची वाण नाही, इतिहासाच्या साधनांची तर नाहीच नाही, आणि अभिनय करणारी माणसे रंगभूमीवरून तयार होऊन येतात. तेव्हा निर्मात्यांना एवढीच विनंती आहे, की एक कादंबरी घ्या, तिचा शेवट पहिल्या दिवशी ठरवा, आणि तेथे पोचलात की थांबा. आणि वाचकांना विनंती अशी, की ती मालिका येईपर्यंत रमाबाई रानड्यांचे पुस्तक कोणत्याही सार्वजनिक वाचनालयात मागावे, मिळेल.